छाटणीआधी सेल्फ उघडायचाय? आधी ही तयारी करा

आमच्या निफाडच्या द्राक्षपट्ट्यात इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला, म्हणजे स्टार्टरला, कोणी स्टार्टर म्हणत नाही, सगळे सेल्फच म्हणतात. सेल्फ उचलत नाही, सेल्फ नुसताच फिरतोय, सेल्फ अडकून बसलाय. बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला हे दुखणं जडतं ते नेमकं गोड्या छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर), कारण ऑक्टोबरपासून त्याला उसंतच नसते. रात्री पाऊस शिंपडून गेलेला, पहाटे पानं ओली, डाऊनी रोगाची धास्ती, आणि किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. त्या सकाळी फवारणीचा ब्लोअर जागेवर राहिला तर त्याची किंमत घडांत मोजावी लागते. म्हणून मी सेल्फ उघडायचं काम पोळ्याच्या आसपास उरकतो. छाटणीला अजून तीन-चार आठवडे असतात, जमीन ओली असल्यामुळे धूळ उडत नाही, आणि एखादी वस्तू पिंपळगावला मिळाली नाही तर नाशिकहून आणायला सवड असते.

हत्यारं काढण्याआधी दुखणं कुठे आहे ते ठरवा. निम्म्या वेळा सेल्फचा काही दोष नसतो. मल्टीमीटर जवळ ठेवा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. 12.4 च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करून आणा, मगच पुढचं बोला. मग कोणाला तरी किल्ली मारायला बसवा आणि आकडा बघत राहा. सेल्फ फिरत असताना तो साडेनऊच्या खाली घसरला तर एकतर बॅटरी दमलीय नाहीतर सेल्फ आतून जड झालाय. आकडा ठीक असूनही सेल्फ मरगळलेला फिरत असेल तर बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनला बसवलेली अर्थिंगची वायर सोडून घासा. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि गंधक फवारणारा ट्रॅक्टर आहे आपला. मोरचुदाचं पाणी लोखंडाला खातं, आणि नटाखाली साठलेला हिरवट-पांढरा थर करंट अडवतो. हे घासायला दहा मिनिटं लागतात आणि त्यात कित्येकदा काम होऊन जातं.

आवाज नीट ऐका. नुसतं 'टक्' होऊन शांत झाला तर सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या चुंबकी स्विचचे) कॉन्टॅक्ट, कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) किंवा करंट येण्याचा मार्ग तपासायचा. 'भर्रर्र' करून मोटर फिरली पण इंजिन हललं नाही, तर पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे सरकत नाहीये किंवा त्याचा क्लच घसरतोय. इंजिन चालू झाल्यावरही पिनियन फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्येच अडकून राहिला आणि किंचाळल्यासारखा आवाज आला, तर लगेच इंजिन बंद करा. इंजिनाबरोबर आर्मेचर, म्हणजे सेल्फच्या आतला फिरता भाग, त्याला पेलणार नाही अशा वेगाने फिरत असतं, आणि अशाच वेळी सेल्फ जळतो.

माझा सेल्फ असाच जळाला. त्याच्या आदल्या वर्षी एका गॅरेजमध्ये सेल्फ खोलून घेतला होता आणि 'चांगलं भरपूर ग्रीस मारलंय' असं मला अभिमानाने सांगण्यात आलं. मलाही बरं वाटलं. जानेवारीत निफाडचा पारा एक आकड्यावर आलेला, पहाटे किल्ली मारली आणि पिनियन मागे आलाच नाही. नंतर खोलला तेव्हा पिनियनच्या मागच्या आट्यांवर बोटाच्या नखाने खरवडलं, तर काळी घट्ट पेस्ट निघाली. तिच्यात माती होती, रिंगच्या लोखंडाची बारीक कीस होती, गंधकाचा वास होता. ग्रीसने वर्षभर ती सगळी धूळ धरून ठेवली आणि थंडीत ती खळीसारखी आवळली. सेल्फ दुरुस्त करणारे चाचा ती पेस्ट चिंधीला पुसत मला म्हणाले, "दादा, हे वंगण नाही राहिलं आता, हा गाळ झाला." तेव्हापासून या कामात मी सफाईला जास्त वेळ देतो आणि वंगणाला हात आखडता घेतो.

आता सामान. 10 ते 19 पर्यंतचे रिंग पाने, एक लांब दांड्याचा टी-पाना, चपटा आणि चौफुलीचा असे दोन्ही पेचकस, लॉक काढायची पक्कड. पितळी तारांचा ब्रश आणि जुना दात घासायचा ब्रश. सुती चिंध्या भरपूर घ्या, पण धागे सुटणारं वेस्ट आर्मेचरजवळ नको. 400 नंबरचा साधा पॉलिश पेपर. एमरी पेपर आणू नका, त्याचे कण कम्युटेटरच्या (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या) फटींत रुतून बसतात आणि तिथे करंटला भलतीच वाट देतात. हॅकसॉ ब्लेडचा तुटका तुकडा. कार्बनचा नवा सेट आणि दोन्ही बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) आधीच आणून ठेवा, जुन्या सेल्फचा नंबर दाखवून. बुश पितळी सच्छिद्र असतील तर आदल्या रात्री इंजिन ऑइलच्या वाटीत बुडवून ठेवायला विसरू नका, कोरडे बसवले तर लवकर झिजतात. थोडं डिझेल, थोडं पेट्रोल, लिथियम ग्रीसची लहान डबी, ग्रॅफाइटची पावडर. नट-बोल्ट ठेवायला स्टीलचं ताट. मी त्यात जुनी साडी अंथरतो, म्हणजे स्प्रिंग उडून गेली तरी घरंगळत नाही.

जागा उघडी आणि सावलीची हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते, त्यामुळे बंद शेडमध्ये हे काम नको. विडी-काडी, देवाचा दिवा, वेल्डिंग, काहीच जवळ नको.

ट्रॅक्टर सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावून उभा करा. किल्ली काढून खिशात ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा, पॉझिटिव्ह नंतर, आणि जोडताना बरोबर उलट. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ उतरवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि बॉडीला पाना टेकला तर तो क्षणात लाल होतो.

इथेच एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मी कोणालाही हात जोडून सांगायला तयार आहे. सेल्फ अडला की आपल्याकडे सर्रास पेचकस घेऊन सेल्फच्या दोन टर्मिनलांना टेकवतात आणि ट्रॅक्टर चालू करतात. किल्ली, न्यूट्रलचा स्विच, क्लचचा स्विच हे सगळं त्यात बाजूला पडतं. गिअर पडलेला असेल तर इंजिन चालू होताच ट्रॅक्टर चालायला लागतो, आणि पेचकस टेकवणारा माणूस पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधोमध उभा असतो. तिथून बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. छोटा ट्रॅक्टर म्हणून हलक्यात घेऊ नका, तोही माणसाच्या अंगावरून जातो. पोराला, गड्याला हे शिकवू नका. शिकले असतील तर मोडून काढा.

सेल्फ उतरवण्याआधी मोबाइलवर तीन-चार फोटो काढा आणि प्रत्येक वायरला रंगीत सुतळीचा तुकडा बांधा. सेल्फ आणि घंटी (फ्लायव्हीलभोवतीचं घर) यांच्या मध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या असतील तर त्या जपून ठेवा, पिनियन आणि रिंग यांच्यातलं अंतर त्यांनीच राखलेलं असतं. सेल्फ वजनदार असतो, शेवटचा बोल्ट सोडताना दुसरा हात खाली ठेवा. उतरवल्यावर त्या भोकातून टॉर्च मारून रिंगचे दात बघा आणि इंजिन हाताने फिरवत पूर्ण चक्कर बघा. इंजिन बंद होताना दर वेळी ठराविक दोन-तीन जागीच थांबतं, त्यामुळे दात तिथेच जास्त झिजतात. दातांची टोकं तुटली असतील तर नव्या सेल्फनेही त्रास जाणार नाही, हे आधीच कळलेलं बरं.

सेल्फ कोणत्या जातीचा आहे ते ओळखा, कारण वंगणाचं गणित त्यावर ठरतं. हिरवळ कापायच्या पेट्रोल इंजिनच्या गार्डन ट्रॅक्टरवर बहुधा उघडा बेंडिक्स असतो. मोटर फिरली की पिनियन आपल्या जडपणामुळे मागे राहतो आणि आट्यांवरून वर चढून रिंगला भिडतो. इंजिन चालू झालं की रिंग त्याला वेगाने फिरवते आणि तो आट्यांवरून परत खाली येतो. ही चढ-उतार आटे कोरडे आणि स्वच्छ असतील तरच होते. अशा आट्यांवर ग्रीस अजिबात लावू नका. पेट्रोलने धुवा, ब्रशने प्रत्येक आटा घासा, वाळू द्या आणि फार तर चिमूटभर ग्रॅफाइट बोटाने चोळा. बोटाने पिनियन वर ढकलून सोडला की स्प्रिंगने तो एका दमात खाली यायला हवा. मध्ये रेंगाळला तर पुन्हा धुवा.

आपल्या बागेतल्या डिझेल ट्रॅक्टरवर डोक्यावर सोलेनॉइड, आतून काटा, आणि काट्याने ढकलला जाणारा पिनियन-क्लच अशी रचना असते. हा पिनियन-क्लच पेट्रोलमध्ये किंवा डिझेलमध्ये कधीच बुडवू नका. त्याच्या पोटात कारखान्यात भरलेलं ग्रीस असतं, ते एकदा विरघळून गेलं की आतले रोलर कोरडे पडतात आणि महिन्याभरात क्लच घसरायला लागतो. फक्त चिंधी डिझेलने ओली करून बाहेरून पुसा, मग कोरड्या चिंधीने. हातात धरून फिरवून बघा: एका बाजूला मोकळा फिरला पाहिजे, दुसऱ्या बाजूला लगेच अडला पाहिजे. दोन्हीकडे फिरला तर बदला, तिथे पैसे वाचवू नका. दांड्यावरच्या खाचा ब्रशने साफ झाल्यावर लिथियम ग्रीस बोटावर घेऊन लावा आणि परत पुसून घ्या. लोखंड ओलसर चकाकेल इतकंच राहू द्या, बोटाला थर लागता कामा नये. काट्याच्या खिळीला एक ठिपका, बुशला दोन थेंब इंजिन ऑइल. बस्स.

आर्मेचर आणि कॉइल डिझेलने धुऊ नका, वार्निश मऊ पडतं. कोरड्या ब्रशने काळी पूड झाडा. कार्बनची पूड हवेत उडते, तोंडाला रुमाल बांधा. कम्युटेटर पॉलिश पेपरने गोल फिरवत तांब्याचा रंग येईपर्यंत घासा, मग ब्लेडच्या तुकड्याने पट्ट्यांमधल्या फटी हलक्या हाताने मोकळ्या करा. कार्बन आपापल्या घरात बोटाने सहज वर-खाली सरकायला हवेत. अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर बदला. या भागाला तेलाचा वासही लागू देऊ नका. आणि ज्या सेल्फच्या आत कॉइलऐवजी चुंबकाच्या पाट्या असतात, त्याला 'अडकला' म्हणून हातोडीने ठोकायची सवय सोडा. त्या पाट्या काचेसारख्या तडकतात.

जोडण्याआधी सगळं पूर्ण वाळलंय ना, पेट्रोलचा वास गेलाय ना, ते नाक लावून बघा. सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट आवळून जंप वायरने क्षणभर करंट द्या. पिनियन टणकन पुढे यावा आणि वायर सोडली की तितक्याच झटक्यात मागे जावा. हातात धरून हे करू नका, सुरू होताना तो मनगट पिरगाळेल असा झटका देतो. बसवताना चकत्या जागेवर, बोल्ट दोन्ही बाजूंनी सारखे आवळलेले, टर्मिनलचे नट गच्च पण पिळून तोडायचे नाहीत, आणि टर्मिनलवर वरून पेट्रोलियम जेलीचा हात, म्हणजे बोर्डोचा फवारा थेट लागत नाही.

चालू करताना एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त किल्ली धरू नका, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा. फवारणीनंतर ट्रॅक्टर धुताना प्रेशरची धार सेल्फच्या तोंडावर मारायची नाही, हे गड्याला त्याच दिवशी जागेवर नेऊन दाखवा. दुपारी गरम इंजिनवर तीनदा नीट लागला म्हणून सामान आवरू नका. ताट, पाने आणि चकत्यांची डबी शेडमध्ये तशीच झाकून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन गार असताना, एकट्याने जाऊन किल्ली फिरवून बघा.