'लेटर्स टू ज्युलिएट'मधली गाणी कशी शोधायची आणि कशी ऐकायची

२०१० चा 'लेटर्स टू ज्युलिएट' बघून झाला की बहुतेक जण टेलर स्विफ्टचं 'लव्ह स्टोरी' तेवढं शोधतात आणि थांबतात. पण या पिक्चरची खरी मजा त्यातल्या इटालियन गाण्यांत आहे, आणि ती मिळवणं अजिबात अवघड नाही.

आधी एक करा, पिक्चर संपल्यावर लगेच बंद करू नका. शेवटी जी नावं वर सरकतात त्यात गाण्यांची पूर्ण यादी असते, गाणं कोणाचं, लिहिलंय कोणी, गायलंय कोणी सगळं. ओटीटीवर पुढचं काहीतरी आपोआप सुरू व्हायला लागतं तेव्हा क्रेडिट्स बघायचा पर्याय दाबा, पॉझ करा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

दुसरं, पार्श्वसंगीत वेगळं आणि गाणी वेगळी. पार्श्वसंगीत आंद्रेआ ग्वेरा यांचं आहे, त्यामुळे एखादी धून आठवतेय पण शब्दच आठवत नाहीत असं असेल तर त्यांच्या नावाने शोधा. शाझाम, म्हणजे ऐकून गाणं ओळखणारं ॲप, वापरणार असाल तर कोणी बोलत असताना फोन धरून उपयोग नाही, संवाद थांबून गाणं मोठं होतं तेवढे सेकंद पकडा.

आता स्पेलिंग. ऐकू आलं तसं इंग्रजीत टाईप केलं की बरेचदा भलतंच काहीतरी येतं. यातलं इटालियन गायिका कातेरिना कासेल्लीचं 'सोनो बुजार्दा' घ्या, त्यातलं बुजार्दा लिहायचं बी-यू-जी-आय-ए-आर-डी-ए, आणि म्हणताना तो आय गिळायचा. बाकी इटालियन स्वर आपल्या आ, इ, उ सारखे स्वच्छ असतात, त्यामुळे आपल्याला सोबत गुणगुणायला फार सोपं जातं.

हे गाणं लावलंत की चाल लगेच ओळखाल, कारण ते 'आय ॲम अ बिलीव्हर'चं इटालियन रूप आहे. मूळ गाणं नील डायमंडने लिहिलं, १९६६ मध्ये मंकीज या बँडने गाजवलं, आणि आपल्याकडे पुष्कळांनी ते 'श्रेक'मध्ये ऐकलंय. कासेल्लीचा आवाज जरा खरखरीत, ठसक्याचा आहे, मला तर तिचंच जास्त आवडतं! तिच्या केसांमुळे इटलीत तिला सोनेरी हेल्मेट म्हणायचे. पुढे ती निर्माती झाली आणि नवे गायक पुढे आणले, त्यातलीच एक मलिका आयाने, आणि तिचं 'सोस्पेझा' पण याच पिक्चरमध्ये आहे. म्हणून ही दोन गाणी एकामागोमाग लावा, ६० च्या दशकातला तो धमाल बीट आणि नंतर मलिकाचा तो संथ, खोल आवाज, ऐकाच.

'क्वांदो क्वांदो क्वांदो' साउंडट्रॅकवर नव्या गायकांच्या आवाजात आहे, छान आहे, पण आधी तोनी रेनिसचं १९६२ चं मूळ ऐका. ते इटलीतल्या सानरेमोच्या गाण्यांच्या महोत्सवात आलं होतं आणि तिथून जगभर गेलं. शोधताना गाण्याच्या नावापुढे रेनिस टाका, नाहीतर कव्हर व्हर्जनचा ढीग येतो.

मग प्लेलिस्ट लावा. सुरुवातीला याच पिक्चरमधलं गायिका कोल्बी कॅलेचं 'यू गॉट मी', मधे सगळी इटालियन, त्यात ८८३ नावाच्या इटालियन बँडचं 'उन जोर्नो कोझी' विसरू नका, लाँग ड्राइव्हला मस्त आहे, त्यानंतर 'लव्ह स्टोरी' आणि सगळ्यात शेवटी कोल्बीचंच 'व्हॉट इफ'. शफल मात्र बंद ठेवा.