संपर्क फॉर्मचे मेल स्पॅममध्ये जात होते, ते कसं सोडवलं

ग्राहकाच्या वेबसाइटवरचा फॉर्म ‘मेसेज पाठवला’ म्हणायचा, चौकशी मात्र स्पॅममध्ये पडायची. ‘फ्रॉम’मध्ये फॉर्म भरणाऱ्याचाच जीमेल पत्ता जात होता. जीमेलच्या नावाने भलताच सर्व्हर मेल पाठवतोय म्हटल्यावर डीमार्क तपासणीत (‘फ्रॉम’मधल्या डोमेनच्या नावाने मेल खरंच तिथूनच आलाय का, हे पाहणारी तपासणी) तो मेल नापास होणारच. म्हणून ‘फ्रॉम’मध्ये ग्राहकाच्या डोमेनचा पत्ता टाकला, भरणाऱ्याचा ‘रिप्लाय-टू’मध्ये, म्हणजे उत्तर त्यालाच जातं. पीएचपी मेल (वेबसाइटच्या सर्व्हरवरूनच मेल सोडणारं फंक्शन) काढून पोर्ट ५८७ वर एसएमटीपी (मेल सर्व्हरमध्ये लॉगिन करून मेल पाठवायची पद्धत) जोडलं.

तरी अडलंच. डीएनएस (डोमेनच्या नोंदी जिथे असतात ते) उघडलं तर एसपीएफच्या, म्हणजे या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणाऱ्या, दोन टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदी! डोमेनला एसपीएफची एकच चालते. दोन असल्या की तपासणी एरर देते. दोन्हींतले ‘इन्क्लूड’ (दुसऱ्या मेल सेवेची यादी जोडणारे भाग) एका ओळीत आणले. अशा नोंदीमुळे कराव्या लागणाऱ्या डीएनएस चौकश्या (लुकअप) १० च्या वर जाऊ देऊ नका.

प्रत्येक चौकशी डेटाबेसमध्येही साठवतो. मेल हुकला तरी ग्राहकाचं गिऱ्हाईक हातचं जात नाही.