डोंगरातील छोट्या गावाजवळच्या पायवाटा : या चुका टाळा

डोंगराळ भागातील एखाद्या छोट्या गावात दोन-चार दिवसांसाठी मुक्कामाला गेलेला पाहुणा ज्या वाटेवर अडचणीत येतो, ती बहुधा दूरच्या अवघड शिखराची नसते. खिडकीतून दिसणाऱ्या जवळच्या टेकाडाची असते. दूरच्या मोहिमेची तयारी माणूस आठवडाभर आधी सुरू करतो. जवळची वाट मात्र न्याहारी उरकल्यावर, हातात पाण्याची एक बाटली घेऊन धरली जाते. खाली लिहिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या ‘जवळच तर आहे’ मध्ये सापडते.

सर्वांत मोठी चूक वेळेच्या हिशेबात होते. पाटीवर ‘शिखर ६ किमी’ असे वाचले की सपाट रस्त्यावरच्या चालीने मनात आकडेमोड होते आणि जाऊन-येऊन अडीच तास पुरतील असे वाटते. डोंगरात अंतराइतकाच चढही मोजावा लागतो. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये यासाठी एक साधा आडाखा मांडला, तो आजही वापरात आहे : सुमारे ५ किमी अंतराला एक तास धरावा आणि प्रत्येक ६०० मीटर उंची चढण्यासाठी आणखी एक तास मिळवावा. येण्याजाण्याचे मिळून १२ किमी आणि ९०० मीटर चढ असेल, तर अंतराचे सुमारे २ तास २४ मिनिटे आणि चढाचा दीड तास, म्हणजे जवळपास चार तास होतात. हा हिशेबही न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. त्यात विश्रांती, खाणे, छायाचित्रे आणि वाट चुकून मागे येणे धरलेले नाही. मिश्र वयाचा गट असेल, तर या आकड्याची दीडपट करावी, असे माझे मत आहे. तीव्र उतारावर वेळ वाचत नाही, उलट वाढतो. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, पाऊल जपून टाकावे लागते आणि तोपर्यंत मांड्यांतील बळही संपत आलेले असते.

म्हणून निघण्यापूर्वीच परतीची वेळ ठरवावी. सूर्यास्ताच्या वेळेतून उतरण्याचे तास आणि वर किमान एक तास वजा केल्यावर जी वेळ येईल, त्या वेळी माथा शंभर पावलांवर असला तरी मागे फिरावे. येथे आणखी एक फसगत संभवते. पंचांगातला सूर्यास्त मोकळ्या क्षितिजाचा असतो. दरीत पश्चिमेचा डोंगर आडवा आला की ऊन बरेच आधी जाते आणि झाडीत तर त्याहून लवकर अंधारते. अर्ध्या दिवसाच्या फेरीलाही डोक्याला बांधायची विजेरी पिशवीत असावी. मोबाइलचा दिवा हा तिला पर्याय नाही, कारण उतरताना हात मोकळे लागतात आणि बॅटरी संपली की दिवा, नकाशा आणि संपर्क ही तिन्ही साधने एकदमच हातची जातात.

मोबाइलवर विसंबणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. उपग्रहावरून स्थान कळण्यासाठी नेटवर्क लागत नाही, परंतु त्या स्थानाखालचा नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल, तर पडद्यावर नुसता ठिपका दिसतो. नकाशा गावात असतानाच उतरवून घ्यावा आणि चालताना फोन फ्लाइट मोडवर ठेवावा, कारण सिग्नल शोधत राहणारा फोन लवकर रिकामा होतो. थंडीतही बॅटरी झपाट्याने उतरते. अशा वेळी फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवल्यास फरक पडतो. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, जेथे एकमेकींना चिकटल्या आहेत तेथे चढ तीव्र आहे, एवढे वाचता आले तरी पुष्कळ चुका टळतात.

इतके करूनही वाट चुकलीच, तर? बहुतेक वेळा पायवाट आणि गुरांच्या येण्याजाण्याने पडलेली ढोरवाट यांत गल्लत झालेली असते. ढोरवाट सुरुवातीला ठळक असते आणि पुढे झुडपांत विरून जाते. पहिली शंका येताच थांबावे, आणि जेथे आपण नक्की वाटेवर होतो त्या ठिकाणापर्यंत आल्या पावली परत जावे. ‘पुढे मिळेलच’ म्हणून कातळ उतरू नये. कड्यावरून उतरणे हे चढण्यापेक्षा अवघड असते आणि अर्ध्यावर अडकल्यास दोन्ही मार्ग बंद होतात. ओढा धरून खाली गेले की गाव लागते, ही समजूतही घातक आहे, कारण डोंगरातला ओढा मध्येच कड्यावरून खाली कोसळतो. मागे फिरणे शक्य नसेल, तर एका जागी थांबून शिट्टी वाजवावी : एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट विराम, आणि पुन्हा तसेच. हा डोंगरातील संकटाचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी मिळते. रात्री हाच संकेत विजेरीने देता येतो.

गावातले हवामान पाहून कपडे घालणे हीदेखील चूकच. दर १,००० मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावर, वारा असला तर थंडी याहून अधिक बोचते. घामाने भिजलेला सुती सदरा लवकर वाळत नाही व अंगातली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे लवकर वाळणारा आतला थर, उबेचा मधला आणि वारा-पाऊस अडवणारा वरचा थर सोबत ठेवावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की वीज साधारण किती किलोमीटरवर आहे ते कळते. हा अवधी ३० सेकंदांपेक्षा कमी असेल, तर माथा आणि उघडी धार तातडीने सोडावी, एकट्या झाडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा वर चढू नये.

बर्फाच्छादित डोंगरांच्या पायथ्याशी ओढे सकाळी शांत असतात आणि उन्हाने बर्फ वितळल्यावर दुपारी फुगतात, तेव्हा परतीचा विचार करूनच ते ओलांडावेत. झऱ्याचे पाणी कितीही नितळ दिसले, तरी ते खळखळून एक मिनिट, आणि २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळल्याशिवाय पिऊ नये. बुटांविषयी थोडेच : नवे बूट या फेरीत पहिल्यांदा घालू नयेत, आणि टाचेला चुरचुरू लागताच थांबून तेथे चिकटपट्टी लावावी, फोड येण्याची वाट पाहू नये.

मुक्कामाचे गावच २,५०० मीटरच्या वर असेल, तर पहिल्या दिवशी मोठी चढाई आखू नये. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे ही विरळ हवेची लक्षणे असू शकतात. ती असताना आणखी वर जाऊ नये. तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता त्या माणसाला खाली उतरवावे, पण एकट्याने पाठवू नये.

निघताना आपली वाट, सोबत्यांची संख्या आणि परतण्याची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी लिहून ठेवावी, आणि किती वाजेपर्यंत न आल्यास मदत मागवायची तेही त्यातच नमूद करावे. बेत ऐनवेळी बदलला, तर तोही कळवावा. अन्यथा शोध घेणारे भलत्याच दरीत जातील. आणि सुखरूप परतल्यावर तसे सांगायला विसरू नये, कारण आपण खोलीत झोपलेलो असताना आपल्या शोधासाठी माणसे अंधारात डोंगर चढत असू शकतात.