रस्त्यावर बसायचं असेल तर आधी शिक्का नीट मारून घ्या

9 सप्टेंबर आला की आमच्या सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्रं येतात. 1942 साली त्या दिवशी कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्ग्यांसह नऊजण पडले. भाषणं दणक्यात होतात. आम्ही अकराजण पाटाच्या पाण्यासाठी चाळीस मिनिटं रस्त्यावर बसलो, तेव्हा त्याच माईकवाल्यांनी आम्हाला ‘कायदा हातात घेऊ नका’ सांगितलं. आमच्यावर गुन्हा. चारच दिवसांनी एका वाढदिवसाच्या मिरवणुकीनं तोच चौक दोन तास अडवला. एसटी अडकली, डीजे वाजत राहिला, गुन्हा नाही.

तेव्हा पुढच्यांसाठी सांगतो.

निवेदन तहसीलला आणि पोलीस ठाण्यात द्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या, आणि तिथंच वाचून बघा. आमचा इतका पुसट उमटला की 11 तारीख होती का 21, हे वकिलाला भिंग लावूनही कळेना. पुन्हा मारा म्हणायला लाजू नका.

बसल्यावर अँब्युलन्सला वाट द्या, एकानं सलग व्हिडिओ काढा. वर्दीला हात लावू नका. न्याय संहितेचं 132 कलम, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यावर हात उचलल्याचं, लागलं की जामिनासाठी धावपळ.

गुन्ह्याची प्रत मिळाली की शेवटची ओळ बघा. ‘व इतर 50 ते 60 इसम’ असं असेल, तर त्या ‘इतर’मध्ये उद्या कुणीही बसू शकतं. हजर असलेल्यांची यादी लगेच करून ठेवा.

आता खरं काम. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून पोलिसांच्या जन माहिती अधिकाऱ्याकडं माहिती अधिकाराचा अर्ज टाका. जमावबंदीच्या, म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37च्या आदेशाची प्रत मागा. राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय तो पंधरा दिवसांपुढं चालत नाही, तारखा ताडून बघा. मग त्याच काळात, त्याच चौकातल्या गुन्ह्यांची यादी मागा. ‘मिरवणुकीवर गुन्हा का नाही?’ असं विचारलंत तर अर्ज निकालात काढतील. ‘का’ विचारायचं नाही, कागद मागायचा.

आमचं उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. आमचा गुन्हा क्रमांक, आणि मिरवणुकीच्या तारखेपुढं ‘निरंक’. खटला मागे घ्यायच्या अर्जाला ते जोडलंय. एक झेरॉक्स जास्तीची काढलीय, यंदा स्मारकावर जाताना खिशात ठेवणार आहे.