बाहेरगावच्या स्पर्धांचा संघ: होकार देण्यापूर्वी

बाहेरगावी स्पर्धांना जाणाऱ्या संघात मुलाची निवड झाली की घर आनंदून जाते आणि त्या आनंदाच्या भरातच होकार कळवला जातो. हा निर्णय निवड चाचणीच्या आधीच घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण निवड झालेल्या मुलाला नकार देणे किंवा हंगामाच्या मध्यावर त्याला संघातून काढून घेणे, हे दोन्ही त्याच्या मनाला फार लागते.

सर्वप्रथम संघाचे मागील हंगामाचे वेळापत्रक मागून घ्यावे आणि सराव, सामने, प्रवासाचे तास व मुक्काम हे सारे घरच्या कॅलेंडरवर प्रत्यक्ष लिहून काढावे. त्याच पानावर शाळेच्या परीक्षा, पालकांच्या कामाच्या पाळ्या आणि भावंडांचे कार्यक्रम मांडावेत. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे; रविवारी रात्री उशिरा परतून सोमवारी शाळा गाठताना ती पूर्ण होते का, हे याच कॅलेंडरवरून कळते.

खर्चाचा हिशेब करताना संघाचे शुल्क हा केवळ पहिला आकडा समजावा. इंधन, निवास, बाहेरचे जेवण, लहान होत जाणारे बूट आणि रजेमुळे बुडणारे उत्पन्न धरूनच एकूण रक्कम काढावी, आणि दुखापत झाल्यास शुल्क परत मिळते का, हेही लेखी विचारून घ्यावे.

शरीराचा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या कूर्चा नाजूक असतात आणि वर्षभर त्याच हालचाली केल्याने गुडघा, टाच, कोपर किंवा खांदा दुखावू शकतो. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संस्था आठवड्यातून किमान एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण सुमारे तीन महिने त्या खेळापासून विश्रांती सुचवते, तसेच एकाच खेळावर लक्ष केंद्रित करणे शक्यतो १५-१६ वर्षांपर्यंत पुढे ढकलावे असे सांगते. एखादा प्रशिक्षक इतकी विश्रांती नाकारत असेल, तर संघ कितीही नावाजलेला असला तरी मी तेथे मूल पाठवणार नाही.

‘आता मागे पडला तर कायमचा मागे पडेल’ ही भीती पालकांना सर्वाधिक सतावते. लहान वयातील निवडीत वयोगटाच्या मुदतीनंतर लगेच जन्मलेली, म्हणजे गटात काही महिन्यांनी मोठी असलेली मुले जास्त प्रमाणात निवडली जातात, असे अनेक खेळांत आढळले आहे. त्यामुळे त्या वयातली निवड पुष्कळदा गुणवत्तेइतकीच उंची आणि बळही मोजत असते. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने तर तेरा वर्षांखालील मुलांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच ठेवलेल्या नाहीत, आणि तरीही त्या देशाची गणना हिवाळी ऑलिंपिकमधील सर्वांत यशस्वी देशांत होते.

मुलाची इच्छा जाणून घेण्यासाठी जिंकल्याची संध्याकाळ निवडू नये. हरल्यानंतर दोन दिवसांनी, शांतपणे विचारावे; आणि उत्तरापेक्षाही, कोणी न सांगता ते खेळायला जाते का, आपली पिशवी स्वतः भरते का, याकडे पाहावे. भावंडालाही स्वतंत्रपणे विचारावे. दर शनिवार-रविवार गाडीच्या मागच्या आसनावर आणि मैदानाच्या कडेला काढणारे मूल सहसा तक्रार करत नाही, पण त्याचे बालपणही याच वेळापत्रकात खर्च होत असते. एका पालकाने प्रवास करावा आणि दुसऱ्याने घरी थांबावे असे ठरत असेल, तर महिन्यातून किती सुट्या सारे कुटुंब एकत्र असेल हे मोजावे.

प्रशिक्षकांना भेटून राखीव खेळाडूंना किती वेळ खेळायला मिळते, हे स्पष्ट विचारावे. तीन तास प्रवास करून दहा मिनिटे खेळण्यापेक्षा स्थानिक संघात पूर्ण सामना खेळणारे मूल बहुधा अधिक शिकते. शक्य असल्यास एखाद्या स्पर्धेपुरते संघासोबत जाऊन पाहावे आणि होकार द्यायचाच असेल तर तो एका हंगामापुरता द्यावा. हंगाम संपल्यावर पुन्हा बसून विचार करण्याची तारीख मुलाच्या देखत आजच कॅलेंडरवर लिहून ठेवावी.