लेव्हल बनवताना या चुका टाळा: वाट तुम्हाला ठाऊक, खेळणाऱ्याला नाही

आमच्या गावात पाहुण्यानं वाट विचारली की उत्तर ठरलेलं: "सरळ जा, जिथं पहिले चिंचेचं झाड होतं तिथून वळा." झाड तोडून जमाना झाला. सांगणाऱ्याच्या डोळ्यापुढं ते अजून उभं आहे, पाहुण्यानं ते कधी पाहिलेलंच नाही. माझ्या व्हिडिओ गेमची पहिली लेव्हल, म्हणजे खेळाचा पहिला टप्पा, नेमकी अशी झाली होती.

मी अचलपूर तालुक्यातला. गोडो (Godot) इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, निवडलं ते दोन कारणांनी. एक तर ते फुकट आहे, आणि डाउनलोड दीडशे एमबीच्या आत, म्हणजे मोबाइलच्या नेटवर भागतं. पुढं जे सांगतो ते गोडोमधलं आहे, पण चुका कुठल्याही इंजिनात ह्याच होतात.

पहिल्याच दिवशी गाविलगड

चिखलदरा जवळ, शाळेच्या सहली तिकडंच जायच्या, म्हणून म्हटलं अख्खा गाविलगड उभा करू. मोह पडण्यासारखाच किल्ला आहे. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं बाहेरचा तट फोडला, तर पुढं दरी आणि दरीपलीकडं आतल्या किल्ल्याची दुसरी भिंत. शेवटी एक तुकडी शिड्या लावून आत उतरली आणि तिनं आतून दरवाजा उघडला. आयती लेव्हलच ही! पण मी दोन महिने एका दरवाजाच्या दगडांना शेवाळ चढवत बसलो, आणि माझा शिपाई अजून नीट उडीही मारत नव्हता.

सुरुवातीला एक पांदण, एक विहीर, गुरांचा एक कोठा पुरे. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. तेही आधी नुसत्या करड्या ठोकळ्यांत. ठोकळा पुसायला जीव दुखत नाही, सजवलेली भिंत पाडायला दुखतो.

उडी न मोजता नाले खोदणं

सगळ्यात जास्त वेळ माझा इथं गेला. नाल्यांची रुंदी डोळ्यानं ठरवली. मग उडी फार तरंगते असं वाटलं म्हणून गुरुत्वाकर्षण वाढवलं, आणि आधी केलेला एकही नाला ओलांडता येईना.

हिशोब सोपा आहे. गोडोच्या टूडी पात्राच्या तयार स्क्रिप्टमध्ये चालण्याचा वेग सेकंदाला ३०० पिक्सेल आणि उडीचा वेग ४०० असतो, गुरुत्वाकर्षण ९८०. उडीच्या वेगाचा वर्ग करा आणि गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीनं भागा: १,६०,००० भागिले १,९६०, म्हणजे उंची जवळपास ८२ पिक्सेल. हवेतला वेळ उडीच्या वेगाची दुप्पट भागिले गुरुत्वाकर्षण, ८०० भागिले ९८०, म्हणजे ०.८२ सेकंद. तेवढ्या वेळात ३०० च्या वेगानं पात्र साधारण २४५ पिक्सेल पुढं जातं. टाइल, म्हणजे जमीन जोडायचा चौकोनी तुकडा, ३२ पिक्सेलची असेल तर अडीच टाइल उंच आणि साडेसात टाइल लांब.

आता ठरवता येतं. सात टाइलचा नाला म्हणजे अगदी काठावरूनच उडी घ्यावी लागणार, तो शेवटी ठेवा. पहिला चारचा असू द्या. तीन टाइल उंचीचा धुरा (शेताचा बांध) तर चढताच येणार नाही, तो भिंत म्हणून वापरा. हे आकडे कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा, आणि उडी एकदा पक्की झाली की तिला हात लावू नका.

खरं माप घेणं

थ्रीडीत गेलो तेव्हा टेप घेऊन आमच्याच कोठ्याचं दार मोजलं. पावणेसहा फूट, म्हणजे १.७५ मीटर. गोडोत एक युनिट म्हणजे एक मीटर, म्हणून तेच टाकलं. पात्र दारात अडकलं! कारण त्याच्या कॅप्सूलची, म्हणजे पात्राभोवतीच्या न दिसणाऱ्या, भिंतीला अडणाऱ्या आकाराची मुळातली उंची २ मीटर. आपण घरात वाकून शिरतो, कॅप्सूल वाकत नाही. दार अडीच मीटर उंच आणि दीड मीटर रुंद करा. कॅमेरा पाठीमागून असेल तर त्याहून मोठं, नाहीतर खोलीत शिरल्यावर फक्त भिंतच दिसत राहते.

झटपट दुरुस्त्या

पात्र जमिनीतून आरपार पडतं: गोडोचा तयार सीएसजी ठोकळा असेल तर त्याचं 'यूज कोलिजन' (वस्तू त्याला अडण्याची सोय) मुळात बंद असतं, ते चालू करा. टाइलची जमीन असेल तर टाइलसेटमध्ये (टाइलच्या संचात) फिजिक्स लेयर जोडून प्रत्येक टाइलला कोलिजनचा आकार द्या.

पिक्सेलची चित्रं धुरकट दिसतात: टेक्स्चर फिल्टर (चित्र मऊ करायची सेटिंग) 'लिनिअर'वरून 'निअरेस्ट'वर आणा.

जुना लॅपटॉप हापतो: प्रोजेक्ट बनवतानाच 'कम्पॅटिबिलिटी' रेंडरर (चित्र पडद्यावर काढायची हलकी पद्धत) निवडा.

आणि लाईन गेली, बॅटरी मेलेली: याला दर पाच मिनिटांनी सेव्ह करण्याशिवाय औषध नाही.

शेजारी बसून बोलणं

लेव्हल पूर्ण झाल्यावर शेजारच्या पोराला खेळायला बसवलं. दोन मिनिटांत तो म्हणाला, "दादा, कुठी जाऊ मी? इथं त काहीच नाई दिसत." मी लगेच, "अरे त्या कोठ्यामागून!" त्या दिवशीची परीक्षा तिथंच वाया गेली. कारण गेम दुसऱ्याच्या हातात गेला की सोबत आपण जात नाही.

दुसऱ्या वेळी तोंड बंद ठेवलं, हातात वही. सुरुवातीला मी आठ ओळींची पाटी लावली होती, ती त्यानं वाचलीच नाही. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्स या गेमची पहिली लेव्हल आठवा. मारिओ डावीकडं उभा, उजवीकडं मोकळी जागा, मग प्रश्नचिन्हाचा ठोकळा आणि समोरून चालत येणारा पहिला शत्रू. एक ओळ न लिहिता कळतं की उजवीकडं जायचं आणि उडी मारायची.

पाटी काढली. तिच्याऐवजी पाण्याची टाकी उभी केली, लेव्हलच्या शेवटी, कुठूनही दिसेल एवढी उंच. एसटीतून येताना आपलं गाव आधी टाकीवरूनच ओळखू येतं की नाही? पोरगं न विचारता तिच्या दिशेनं चालायला लागलं.

तरी विहीर राहिलीच. माझ्या मते ती नुसती शोभेची होती. तो तीनदा तिच्यात उडी मारून मेला. चौथ्यांदा काठावर थांबला, खाली वाकून पाहिलं आणि परत उडी मारली. आधी वाटलं कठडा उंच करावा. मग त्याच रात्री विहिरीला पायऱ्या केल्या आणि तळाशी तीन नाणी ठेवली.