लाकडावरची बुरशी काढताना

कपाटाच्या मागच्या बाजूला किंवा ड्रॉवरच्या आत पांढरट-हिरवट बुरशी दिसली की लगेच कोरड्या फडक्याने झटकायला जाऊ नका, त्याने ती हवेत उडते आणि घरभर पसरते. आधी खिडक्या उघडा, मास्क आणि ग्लोव्हज घाला, मग साधं पांढरं व्हिनेगर पाणी न घालता स्प्रे बाटलीत भरून त्या जागेवर मारा आणि तासभर तसंच राहू द्या. नंतर ओलसर फडक्याने पुसायचं, कोपऱ्यात आणि सांध्यात जुना टूथब्रश चालतो, आणि शेवटी कोरड्या कपड्याने पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवायचं. वाळवण्यातच लोक घाई करतात, दार लावून टाकतात आणि आठवड्यात परत तेच! पॉलिश असेल तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडं लावून बघा, रंग उतरतोय का ते कळेल.

ब्लीच मात्र कच्च्या लाकडावर मला तरी पटत नाही, वरचा डाग फिका होतो पण आत मुरलेली बुरशी तशीच राहते. आणि ब्लीच न् व्हिनेगर कधीच एकत्र करू नका, विषारी क्लोरीन गॅस तयार होतो. काळे डाग उरलेच तर लाकूड वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, मास्क लावूनच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, मागून हवा खेळली पाहिजे, आणि भिंतीलाच ओल असेल तर आधी ती बघा नाहीतर हे सगळं परत परत करत बसाल. लाकूड दाबल्यावर भुसभुशीत लागलं तर साफसफाई सोडा, तेवढी फळी बदलूनच टाका.